वीस वॅटची गोष्ट: नॅड ३०२० अजून का टिकून आहे?

ज्यांना आत्ता कानात इअरफोन घालता येत नाहीयेत, लोकलमध्ये उभं राहायलाही जागा नाहीये, किंवा ऐकण्यापेक्षा वाचायला जास्त आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे थोडं इकडेतिकडे झालं होतं ते सरळ केलंय, बाकी गोष्ट तीच आहे.

सुरुवात एका स्टिकरपासून करू.

आमच्या घरी पहिला ‘होम थिएटर’ आला तेव्हा मी नववीत होतो. बाबांना दिवाळीचा बोनस मिळाला होता आणि त्यांनी तो मोठ्या हौसेनं आणला. खोक्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: १२०० वॅट पीएमपीओ. आमच्या बिल्डिंगमध्ये एवढे वॅट कुणाकडेच नव्हते! दोन दिवस मी शाळेत तेच सांगत फिरलो. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका बघायला आले. ते टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी पुढचे निळे दिवे बघितलेच नाहीत. सरळ सेट उलटा केला, मागची छोटी पट्टी चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, “अरे, हा भिंतीतून घेतोय पस्तीस वॅट. मग बाराशे देतो कुठून?”

बाबा हसले, पण तोंड पडलं होतं त्यांचं. कारण प्रश्न बरोबर होता. आणि दोन दिवसांत आम्हाला हेही कळलं होतं की आवाज अर्ध्याच्या वर नेला की गाणं कमी आणि मोरीत भांडी पडल्याचा आवाज जास्त येतो.

आजची गोष्ट त्या स्टिकरच्या अगदी उलट वागलेल्या एका यंत्राची आहे. त्याच्यावर लिहिलं होतं फक्त २० वॅट. दिसायला ते साधं, करडं, थोडं कळकट म्हणावं असं. १९७८ साली बाजारात आलं. आणि आज, तुमच्यातल्या बहुतेकांच्या जन्माच्या कितीतरी आधीचं असूनही, जगभर लोक ते शोधतात, विकत घेतात, उघडून दुरुस्त करतात आणि पुन्हा वाजवतात. त्याचं नाव नॅड ३०२०. हौशी मंडळी त्याला नुसतं ‘थर्टी-ट्वेंटी’ म्हणतात.

आधी एक मिनिट: अँप म्हणजे काय?

तुमच्या फोनमध्ये अँप्लिफायर आहे. ब्लूटूथ स्पीकरमध्ये आहे. कानातल्या त्या शेंगदाण्याएवढ्या इअरबडमध्येसुद्धा आहे. फक्त तो दिसत नाही, म्हणून आपण त्याचा विचार करत नाही.

सत्तरच्या दशकात युरोप-अमेरिकेत घरी नीट गाणं ऐकायचं तर वेगवेगळे डबे जोडावे लागायचे. एक टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारं यंत्र. दोन स्पीकर. आणि मध्ये अँप्लिफायर. रेकॉर्डच्या खाचेतून फिरणाऱ्या सुईपासून येणारा सिग्नल किती लहान असतो माहितीये? पाचेक मिलिव्होल्ट. म्हणजे एका व्होल्टचा दोनशेवा भाग. त्यानं स्पीकरचा पडदा हलायचा नाही. त्या इवल्याशा सिग्नलला न बिघडवता मोठं करायचं, एवढंच अँपचं काम. ‘न बिघडवता’ हा शब्द मात्र लक्षात ठेवा, सगळी गोम तिथेच आहे.

वॅटची लढाई

आता १९७० च्या आसपासच्या अमेरिकेत चला. हाय-फायचा धंदा जोरात होता आणि कंपन्या खोक्यावर वाट्टेल ते आकडे छापत होत्या. क्षणभर मिळणारी ताकद, दोन्ही बाजूंची बेरीज, जो आकडा मोठा दिसेल तो. आमच्या पीएमपीओचे हे पणजोबाच! हे इतकं वाढलं की १९७४ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अँप्लिफायरसाठी नियम केला: वॅट सांगायचे असतील तर ते ठरावीक पद्धतीनं, सलग चालवून मोजलेलेच सांगा.

आकडे त्यामुळे खरे झाले. शर्यत मात्र थांबली नाही. आता कंपन्या खरोखरच जास्त वॅटची यंत्रं बनवायला लागल्या. जपानच्या पायोनिअरनं १९७६ मध्ये एसएक्स-१२५० आणला, दर चॅनेलला १६० वॅट. १९७८ मध्ये एसएक्स-१९८० आणला, दर चॅनेलला २७० वॅट. वजन पस्तीस किलोच्या आसपास. पुढे अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत पट्टी, काट्यांचे मोठाले मीटर, रांगेनं बटणं. उचलायला दोन माणसं लागायची. मी त्याला नावं ठेवत नाहीये बरं का, आजही ते बघून भल्याभल्यांच्या तोंडाला पाणी सुटतं.

पण गंमत बघा. ज्या वर्षी हा २७० वॅटचा हत्ती आला, त्याच वर्षी लंडनच्या एका छोट्या कंपनीनं २० वॅटचा डबा बाजारात आणला. आणि पुढे वीस वर्षांत जगातला सगळ्यात जास्त खपलेला, सगळ्यात माहितीतला हाय-फाय अँप म्हणून नाव झालं ते या डब्याचं.

कसं काय?

कारखाना नसलेली कंपनी

नॅड म्हणजे न्यू अकूस्टिक डायमेन्शन. १९७२ साली लंडनमध्ये डॉ. मार्टिन बोरिश यांनी ती उभी केली. तिच्यामागे होते युरोपातले हाय-फायचे वितरक. वितरक म्हणजे रोज दुकानदारांशी बोलणारी माणसं. गिऱ्हाईक दुकानात येऊन काय विचारतं, किती पैसे बाहेर काढतं आणि काय बघून परत जातं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे ही कंपनी इंजिनिअरांच्या स्वप्नातून कमी आणि दुकानाच्या काउंटरवरून जास्त जन्माला आली.

तिचा स्वतःचा कारखाना नव्हता. डिझाइन लंडनमध्ये, जुळणी तैवानमध्ये. आज तुमच्या हातातल्या फोनची हीच कथा आहे, डिझाइन एका देशात, जुळणी दुसऱ्या. त्या काळी मात्र हाय-फायच्या जगात, जिथे ‘आमच्या कारखान्यात हातानं बनवलेलं’ याला केवढा मान होता, तिथे हे धाडसाचंच होतं. त्याचा फायदा एकच, पण मोठा: वाचलेला पैसा यंत्राच्या पोटात घालता येत होता.

आणि हा पैसा कुठे घालायचा, हे ठरवलं एरिक एडवर्डसेन या नॉर्वेच्या इंजिनिअरनं.

पैसे कुठे घालायचे?

विचार करा, तुम्ही एडवर्डसेन आहात. यंत्र शंभर पौंडांच्या आत विकायचंय. विद्यार्थी, नुकती नोकरी लागलेली पोरं, भाड्याच्या खोलीत राहणारी जोडपी, हे तुमचं गिऱ्हाईक. सगळंच चांगलं देणं शक्य नाही. मग काय ठेवाल आणि काय सोडाल?

सोडलं ते आधी सांगतो. जाड धातूची पट्टी सोडली. मीटर सोडले, त्याऐवजी ताकद दाखवणारे पाच छोटे एलईडी दिवे दिले. बटणं प्लास्टिकची, हाताला जरा हलकीच. पत्रा पातळ. मागचे स्पीकरचे जोड तर अगदीच गरीब. दुकानात शेजारी जपानी अँप ठेवला तर ३०२० बिचारा दिसायचा.

आता ठेवलं काय ते.

पहिलं, ताकद, पण वेगळ्या हिशोबानं. स्पीकरच्या मागे ‘८ ओहम’ लिहिलेलं असतं ना, तो सरासरी आकडा. खरं गाणं वाजताना तो रोध सुरागणिक बदलतो आणि कित्येक स्पीकरमध्ये मध्येच ४ ओहमपर्यंत किंवा त्याहून खाली उतरतो. रोध निम्मा झाला की तेवढ्याच व्होल्टेजवर अँपकडून दुप्पट विद्युतप्रवाह मागितला जातो. प्रयोगशाळेत अँप मोजतात तेव्हा समोर साधा रेझिस्टर असतो, तो असली मागणी कधीच करत नाही. त्यामुळे कागदावर ४० वॅट असलेला स्वस्त अँप घरातल्या खऱ्या स्पीकरसमोर दमायचा.

३०२० चा कागदावरचा आकडा मुद्दाम लहान ठेवला होता. सलग मोजले तर २० वॅट. पण गाणं काही सलग चालत नाही. ढोलकीची थाप पडते, क्षणभर उसळी येते आणि जाते. अशा उसळीला ३०२० आठ ओहमवर ४० वॅटपर्यंत जायचा, चार ओहमवर पन्नासच्या वर, दोन ओहमवर सत्तरच्या आसपास. म्हणजे अवघड स्पीकर आला की बाकीचे खाली बसायचे, आणि हा उभा राहायचा.

दुसरं, सॉफ्ट क्लिपिंग. मोठ्ठा शब्द, साधी गोष्ट. अँपची ताकद संपली की आवाजाच्या लाटेचा माथा कोयत्यानं छाटल्यासारखा सपाट होतो. आमच्या होम थिएटरचा तो भांड्यांचा आवाज, तो हाच. या छाटण्यानं कान तर किटतातच, पण नसलेले तीव्र स्वर तयार होतात आणि ते स्पीकरच्या नाजूक ट्वीटरला जाळू शकतात. ३०२० च्या मागे एक बटण होतं. ते लावलं की माथा छाटला जायच्या ऐवजी गोल व्हायचा. विचार करा, कॉलेजच्या खोलीत पार्टी चालू आहे, कुणीतरी व्हॉल्यूम पूर्ण फिरवला आहे. इंजिनिअरनं ते होणार हे गृहीत धरून सोय करून ठेवली होती! गिऱ्हाईक कसं वागतं हे ठाऊक असल्याशिवाय असलं बटण सुचत नाही.

तिसरं, फोनो. म्हणजे रेकॉर्डच्या सुईचा तो पाच मिलिव्होल्टचा सिग्नल हाताळणारा भाग. १९७८ साली बहुतेकांच्या घरी गाण्यांचा मुख्य साठा रेकॉर्डचाच होता. रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि तीव्र स्वर जास्त करून कापतात, आणि वाजवताना अँपनं ते बरोब्बर उलटं करायचं असतं. इथे चुकलं की पुढे कितीही वॅट ओता, उपयोग नाही. स्वस्त अँपमध्ये या भागावर कात्री चालायची, कारण तो दुकानात दिसत नाही. एडवर्डसेननं नेमका तिथेच जीव ओतला.

चौथं, गाळण्या. वाकडी झालेली रेकॉर्ड फिरते तेव्हा कानाला ऐकू न येणारी संथ लाट तयार होते. स्पीकरचा पडदा नुसताच आतबाहेर हलत राहतो आणि ताकद वाया जाते. वरच्या बाजूला रेडिओ लहरींचा कचरा येतो. ३०२० नं दोन्हीकडे दार लावलं. कानाला लागतं तेवढं आत, बाकीचं बाहेर. त्या काळी जाहिरातीत मात्र ‘आमचा अँप अमुक लाख हर्ट्झपर्यंत जातो’ हे फुशारकीनं सांगायचे. जणू तुमच्या घरी वटवाघूळच गाणं ऐकणार आहे!

पण २० वॅट पुरतात?

हा प्रश्न मलाही पडला होता. चला, हिशोब करू, घाबरू नका.

साधारण स्पीकर १ वॅट दिला की एक मीटरवर ८८ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. आपलं साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. म्हणजे १ वॅट हाच घरच्यांनी ‘बंद कर रे ते!’ ओरडावं एवढा आवाज. आता वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. २० वॅटला होतात १०१. २७० वॅटला होतात ११२ च्या आसपास.

म्हणजे वॅट तेरा पटींहून जास्त, आणि फरक ११ डेसिबलचा. कानाला तो कसा वाटतो? साधारण दुप्पट. तेरापट नव्हे. हा निसर्गाचा नियम आहे, त्यात कुठल्या कंपनीचा दोष नाही. दोष एवढाच की हा नियम गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही, कारण मग मोठा आकडा विकायचा कसा?

कानोकान पसरलेलं नाव

ब्रिटनमध्ये तेव्हा हाय-फायचा एक वेगळाच माहोल होता. मासिकं होती, गल्लीतली छोटी दुकानं होती. त्या दुकानांत बसून, आपली रेकॉर्ड लावून, ऐकून निवड करता यायची. ग्लासगोच्या लिन कंपनीचे आयव्हर टीफेनब्रन तेव्हा सगळ्यांना सांगत होते की पैसे आधी टर्नटेबलवर घाला. जे सुईनं उचललंच नाही ते पुढे कुठलाही अँप परत आणू शकत नाही. आज ही गोष्ट सरळ वाटते, तेव्हा ती भांडणाची होती.

या विचाराला ३०२० अगदी फिट्ट बसला. महागडा टर्नटेबल, बरे स्पीकर आणि मध्ये हा स्वस्त डबा, अशी जोडी ऐकवली जायची आणि ऐकणारा चकित व्हायचा. मग तो घरी जाऊन मित्राला सांगायचा. पोरं हा अँप घेऊन कॉलेजच्या खोलीत राहिली, लग्न झालं, घर बदललं, मोठा अँप आला, आणि ३०२० धाकट्या भावाकडे गेला. नंतर भाच्याकडे. विक्री लाखांच्या घरात गेली. कंपनीनं त्याच्या सुधारित आवृत्त्या काढल्या: ३०२०ए, ३०२०बी, ३०२०ई, ३०२०आय. नाव तेच ठेवलं, कारण विकत होतं ते नावच.

माझ्या मते यातली खरी महत्त्वाची गोष्ट आवाजाची नाहीच. तोवर ‘चांगलं ऐकणं’ ही पैसेवाल्यांची हौस होती. स्वस्तातलं घ्यायचं तर दिवे आणि बटणं मिळायची, आवाज नाही. ३०२० नं पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणावर हे दाखवलं की खिशात पैसे कमी असले म्हणून माणसाचा कान कमी होत नाही. त्याला खेळणं द्यायचं की यंत्र, हे बनवणाऱ्यानं ठरवायचं असतं.

टिकण्याचं दुसरं कारण: उघडता येतं

ठीक आहे, तेव्हा चांगला होता. पण आज का? आज तर पाच हजारांतला ब्लूटूथ स्पीकरही बरा वाजतो.

याचं उत्तर झाकणाखाली आहे. ३०२० चे चार-सहा स्क्रू काढले की सगळं समोर दिसतं. ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, रेझिस्टर, प्रत्येक भाग डोळ्यांना दिसणारा, हाताला धरता येणारा. त्याची सर्किटं नीट माहितीतली आहेत. मूळ ३०२० मध्ये शेवटचे, म्हणजे स्पीकरला ढकलणारे ट्रान्झिस्टर कुठले होते सांगू? टू-एन-३०५५ आणि त्याचा जोडीदार एमजे-२९५५.

आता आमच्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मंडळींचे कान टवकारले असतील! टू-एन-३०५५ हा अमेरिकेच्या आरसीए कंपनीनं साठच्या दशकाच्या सुरुवातीला आणलेला ट्रान्झिस्टर. गोल टोपीचा, दोन बाजूंना स्क्रूची भोकं असलेला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत, ज्यानं कुणी कधी हातानं अँप जोडलाय त्यानं हा हातात घेतलेला असतोच. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या अँपच्या पोटात कुठलंही रहस्य नव्हतं. तोच माल होता जो आपल्याकडे सुट्टा मिळत होता. फरक होता तो डोकं लावण्याचा.

आणि म्हणूनच तो दुरुस्त होतो. आज तुमच्या इअरबडची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसली की काय करता? फेकता. कारण तो चिकटवलेला आहे, उघडत नाही. ३०२० उघडतो. एखाद्या यंत्राला चाळीस-पंचेचाळीस वर्षं जगवायला प्रेम पुरत नाही, स्क्रू लागतात.

थोडं खरं बोलू

इथपर्यंत ऐकून कुणी लगेच जुना ३०२० शोधायला निघालं असेल, तर थांबा. मी त्याचा भक्त नाही, गोष्ट सांगणारा आहे.

एक, हा जगातला सर्वोत्तम अँप नव्हता आणि नाही. त्याच्या वर्गात, त्याच्या किमतीत, त्याच्या काळात तो फार पुढे होता. हे तिन्ही शब्द महत्त्वाचे आहेत.

दोन, इतक्या जुन्या यंत्रातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आतून सुकतात. व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर येते, मध्येच एक बाजू बंद पडते. दुरुस्तीचा खर्च धरला नाही तर ‘स्वस्त’ हा शब्द फसवा ठरतो.

तीन, नाव झालं की भाव चढतो. जो डबा परवडतो म्हणून प्रसिद्ध झाला, तोच आता काही जण ‘दुर्मीळ’ म्हणून चढ्या भावानं विकतात. याच्यासारखा उलटा न्याय नाही. ३०२० चा धडा घ्यायचा तर आज आपल्या बजेटमध्ये प्रामाणिकपणे बनवलेलं जे आहे ते शोधायचं. जुन्या नावाची पूजा करणं म्हणजे पुन्हा स्टिकरच विकत घेणं.

कंपनीलाही नावाची किंमत कळली होतीच. नॅड १९९१ मध्ये डेन्मार्कच्या ऑडिओनॉर्डकडे गेली, १९९९ मध्ये कॅनडाच्या लेनब्रुककडे. २०१३ साली त्यांनी डी ३०२० आणला. उभा ठेवायचा, पुस्तकाएवढा, दर चॅनेलला ३० वॅट, पूर्णपणे नव्या पद्धतीचा अँप. ब्लूटूथ होतं, संगणक जोडायची सोय होती. फक्त एक गोष्ट नव्हती: फोनो. रेकॉर्डचा जमाना संपला, आता कोण लावतंय सुई, असं वाटलं असावं. आणि २०१८ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली तेव्हा फोनो परत आला होता! कारण मधल्या काळात तुमच्याच वयाची पोरं पुन्हा रेकॉर्ड विकत घ्यायला लागली होती. मूळ डिझाइन करणारे एडवर्डसेन त्याच वर्षी, २०१८ मध्ये गेले.

आपल्याकडे काय झालं?

नॅड ३०२० ही आपल्या आईबाबांच्या आठवणीतली वस्तू नाही. १९९१ च्या आधी परदेशी इलेक्ट्रॉनिक्स आणणं म्हणजे परवाने, जबर आयातकर आणि कस्टमची रांग. आखातातून कुणी मामा-काका आला तर टू-इन-वन यायचा, त्याचंच केवढं कौतुक. बाकी आपला आवाज म्हणजे रेडिओ, आणि मांडवात लावलेला अहुजा.

मग नव्वदनंतर दारं उघडली, आणि आपल्याकडे थेट आला पीएमपीओ. पीक म्युझिक पॉवर आउटपुट. याला कुठलंही सर्वमान्य मोजमाप नाही. क्षणाच्याही बारीक तुकड्यात, कुठल्याही विकृतीसह, सगळ्या स्पीकरची बेरीज करून काय येईल तो आकडा. अमेरिकेनं ज्या रोगावर १९७४ मध्ये औषध शोधलं, तो आपल्याकडे नवं कापड नेसून आला आणि आमच्या बाबांच्या बोनसवर ताव मारून गेला. अमेरिकेतही तो रोग पूर्ण गेला नव्हता म्हणा. २०२४ मध्ये त्यांना तोच नियम पुन्हा कडक करावा लागला.

आज पीएमपीओ जरा मागे पडलाय. पण आकडे गेले नाहीत, फक्त बदलले. फोनच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघा. साउंडबारचे वॅट बघा. प्रत्येक ठिकाणी तोच खेळ: जे मोजायला आणि छापायला सोपं, ते पुढे. जे वापरताना कळतं, ते मागे.

म्हणून पुढच्या वेळी काही घ्यायला जाल तेव्हा तीन गोष्टी करा. खोक्यावर ‘आरएमएस’ किंवा सलग वॅट किती लिहिलेत ते शोधा आणि मागच्या पट्टीवर तो भिंतीतून किती वीज घेतो तेही बघा. भिंतीतून घेतो त्याच्यापेक्षा जास्त सलग देतो म्हणत असेल, तर हात जोडा आणि पुढच्या दुकानात जा. दुसरं, तुम्हाला तोंडपाठ असलेलं एक गाणं स्वतःच्या फोनवरून लावा, दुकानदाराचं नव्हे. आणि आवाज अर्ध्याच्या वर नेऊन बघा. तिसरं, विचारा: बिघडला तर उघडतो का?

जाता जाता

ते खालच्या मजल्यावरचे काका आता नाहीत. त्यांनी त्या दिवशी आमचा सेट परत सुलटा करून ठेवला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “राहू द्या हो. पोराला गाणी ऐकायचीत ना, आवाज अर्ध्यावर ठेवा, चांगला वाजेल.” पुढची सात वर्षं आम्ही तो अर्ध्यावरच वाजवला. आणि खरंच, बरा वाजला.

नॅड ३०२० बद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आधी आठवले ते काकाच. पुढचे दिवे न बघता थेट मागची पट्टी वाचणारे. एडवर्डसेन तसाच होता म्हणायचा. एकानं यंत्र बनवताना तो विचार केला, एकानं ते तपासताना. दोघांच्याही डोक्यात प्रश्न एकच होता: हे घरी नेल्यावर माणसाला ऐकू काय येणार आहे?

तुमच्या घरात असं कुठलं जुनं यंत्र आहे जे अजून चालतंय? मिक्सर असेल, पंखा असेल, आजोबांचा रेडिओ असेल. एकदा उलटं करून त्याची मागची पट्टी वाचा, आणि काय लिहिलंय ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू. तोवर आवाज अर्ध्यावर ठेवा. भेटू!